माळकऱ्याच्या घरातला गळ

मासा पाण्यात असतो तोवर आपल्या वयाप्रमाणे वाढतो. बाहेर काढला, की सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे वाढायला लागतो! आमच्या गुरुवारच्या टोळीने असे इतके मासे वाढवून ठेवलेत, की ते सगळे परत सोडायचे म्हटले तर भामा नदीवरचं धरण अपुरं पडेल.

गुरुवारची टोळी का, ते आधी सांगतो. चाकणच्या आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. पुण्याची माणसं रविवारी लोळतात तेव्हा आम्ही शिफ्टला असतो. आणि गुरुवार म्हणजे आमच्यातल्या निम्म्या घरांत उपास, आरती, पोथी. चुलीवर सोडा, पिशवीतसुद्धा मासा चालत नाही! म्हणजे मासे धरायला मोकळा वार एकच, आणि नेमका तोच वार मासा उंबऱ्याबाहेर ठेवायचा.

माझी अडचण तर सातही वारांची. मी माळकऱ्याच्या घरात जन्मलो. आयुष्यात मासा खाल्लेला नाही, चव कशी असते ते टोळीतल्या परबला विचारावं लागतं. पण गळ मात्र हातातून सुटला नाही. "मग पकडतोस कशाला राव?" हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. पहिल्यांदा विचारलं ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी.

*

आमचं गाव भामेच्या काठावर. अण्णा चाकणच्या मार्केटात कांद्याचे तोलार. त्यांनी जोखलेली पिशवी दुसरीकडे पुन्हा काट्यावर चढवत नसत, एवढा त्यांचा शब्द. गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी देवळात भजन.

मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. आईची पिन वाकवून गळ केला. कांद्याच्या पिशव्या शिवायच्या सुतळीचा एक पदर सोडवून दोरा केला. काठी कळकाची, आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा. शाळा नदीवरच भरवली! आणि लागला की मासा. बोटाएवढा होता. (आता हातभर आहे. पहिला मासा आहे, तेवढं चालवून घ्या.)

ठेवायचा कुठे? घरात हाताशी आलं ते भांडं घेतलं. ते निघालं अण्णांच्या पूजेचा तांब्या.

सकाळी अण्णा अंघोळ करून, ओल्या पंचाने, अभंग म्हणत तुळशीला पाणी घालायला आले. तांब्या कलवला. पाण्याबरोबर मासा थेट मंजिऱ्यांवर! अभंग अर्ध्यात थांबला. तुळशीत मासा उड्या मारतोय, आणि अण्णा त्याच्याकडे बघताहेत.

मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. अण्णांनी ओंजळीत तो मासा उचलला, तांब्यात घातला, आणि पंचावरच नदीकडे पळत सुटले! अख्ख्या गावातून, अनवाणी. वाटेत लोक विचारताहेत, "काय झालं हो? कुणाला चावलं?" अण्णांचं एकच, "जीव हाय! जीव हाय!" मी मागे पळतोय. मासा पाण्यात सोडल्यावर तो हलेपर्यंत ते गुडघाभर पाण्यात वाकून उभे राहिले.

मग माझ्याकडे वळले. मारलं नाही. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "खायाचा न्हाई, तर धरायाचा कशाला रं, सोपान?"

मला सांगायचं होतं ते एवढंच, की अण्णा, पाण्यावर निवांत बसलेला तो धाटाचा तुकडा एकदम खाली जातो ना, तेवढं एकदा बघा. माझ्याशेजारी बसून एकदाच बघा. पण अण्णांनी त्यानंतर माझ्या हातात काठी दिसली, की तोंड फिरवायचं जे सुरू केलं, ते केलंच.

घरी परतलो तर आई दारात पदर तोंडावर धरून उभी. म्हणाली, "अवं, जीव हाय ते खरं. पर जाताना कापडं तरी घालायाची!"

*

आईने मला कधी गळ टाक म्हटलं नाही, टाकू नको असंही म्हटलं नाही. फक्त भाकऱ्यांच्या घरात अधूनमधून गव्हाची कणीक मळली जायला लागली. ताटाखाली एक गोळा झाकलेला असायचा. घट्ट, तेलाचा हात लावलेला. पाण्यात लवकर विरघळू नये म्हणून त्यात ती चिमूटभर कापूससुद्धा मळायची. ही युक्ती तिला कुणी सांगितली, देव जाणे!

एकदा अण्णांनी ताट उचलून बघितलं. "ह्यो गोळा कशाला?"

"गाईला," आई म्हणाली.

"कापूस घालून?"

"तिला खोकला हाय."

अण्णांनी ताट परत झाकून ठेवलं. आमच्या गोठ्यात तेव्हा गायच नव्हती!

पुढे मला माळ घालायचा विषय निघाला, तेव्हाही आईच आडवी आली. "पोरगं लहान हाय. म्होरल्या एकादशीला बघू." मी दहावी झालो, आयटीआय झालो, कंपनीत चिकटलो, माझं डोकं पिकायला लागलं. ती पुढची एकादशी काही आली नाही.

*

माझं लग्न ठरलं ते तळेगावात. सासरेही माळकरी. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी विचारलं, "मोकळ्या वेळात काय करता?"

मी म्हणालो, "नदीकाठी बसतो."

"आणि?"

"पाण्याकडे बघतो."

"किती वेळ?"

"दिवस मावळेपर्यंत."

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा साधक जावई तळेगावात कुणाला मिळालाय! साखरपुड्यानंतर ते आपल्या भजनातल्या चार मित्रांना घेऊन, न कळवता, साधक बघायला आमच्या गावात आले. अण्णांना म्हणाले, "चला, ते बसतात ती जागा दाखवा."

अण्णा काय करणार? घेऊन आले.

मी नेमका नको त्या अवस्थेत. दातांत दोरा, एका हातात गळ, दुसऱ्या हातात वळवळणारं गांडूळ. अण्णांची धरून सहा टोप्या काठावर उभ्या. सासऱ्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

माझ्या तोंडात अजून दोराच. बोलले ते अण्णा. ज्या माणसाने आयुष्यभर तोलताना काट्याला बोट लावलं नाही, तो माणूस तोंडावरची माशी हलू न देता म्हणाला, "उन्हानं सुकत्यात बिचारी. त्यास्नी पानी पाजतोय. भूतदया!"

चार मित्रांनी हात जोडले. सासऱ्यांनी तर गांडुळाला नमस्कार केला.

लग्न झालं. पण सासरे येऊन गेले त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "खोटं बोललो. फेडतोय."  सुनंदा, म्हणजे माझी बायको, नंतर हे कळल्यावर हसता हसता थांबली आणि म्हणाली, "अहो, तुमच्यासाठी उपाशी राहिले ते." मी म्हटलं, "माझ्यामुळे." ती म्हणाली, "तेच की!"

*

आता टोळी. टोळी म्हणजे तीनच माणसं. मी टूलरूमचा. परब पेंट शॉपचा, मूळ मालवणकडचा. आणि गित्ते क्वालिटीचा, बीड जिल्ह्यातला.

परबच्या मते आमच्या धरणातला मासा हा मासाच नाही. "मेल्या, ह्येका समुद्राचो वारो तरी लागलो हा काय? ह्यो पाण्यातलो बटाटो!" असं म्हणत सगळे बटाटे घरी तोच नेतो, कारण मी खात नाही.

एका गुरुवारी परबला मरळ लागली. मरळ म्हणजे चिवट जात, पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. पण वहिनींचा गुरुवार कडक. कापायची ती शुक्रवारीच. परबने ती बाथरूममध्ये बादलीत ठेवली, वर पाट झाकला, आणि संध्याकाळी आरतीला साळसूदासारखा टाळ्या वाजवत उभा राहिला.

आरती रंगात आली, आणि मरळबाई पाट उडवून, पॅसेजमधून सरपटत, ओल्या पावलांनी म्हणायचं तर ओल्या पोटाने, थेट देवघरासमोर! तिथे येऊन थांबली. कल्ले हलताहेत. वहिनींनी आरती थांबवली नाही. पूर्ण केली, तबक माशावरून ओवाळलं, मग नवऱ्याला म्हणाल्या, "देवासमोर आलीय. आता तिला हात लावून बघा!"

त्यांच्या मोशीच्या सोसायटीत बिल्डरने एक कारंजं दिलंय. ते ताबा मिळाल्यापासून एकदाही उडालेलं नाही, पण हौदात पाणी असतं. मरळ तिथे गेली. आता सोसायटीची पोरं तिला पोळी घालतात. मीटिंगमध्ये तिच्यासाठी हौदावर जाळी बसवायचा ठराव पास झाला. परब कामावरून आला, की हौदापाशी थांबतो. तिच्याकडे अशा नजरेने बघतो, जणू हातचं प्रमोशन गेलं!

*

गित्तेकडे गळ नव्हताच. तो यायचा, बूट काढायचा, पाण्यात पाय सोडून बसायचा. परब त्याला डिवचायचा, "तू हय येतंस कित्याक?"

"पाणी बगायला," गित्ते म्हणायचा. "आमच्याकडं टँकर येतंय ना, तेवढंच पाणी बगितलं लहानपणी. तेही धावत."

बसून बसून त्याने एक काम मात्र अंगावर घेतलं. क्वालिटीचा माणूस! मी म्हणालो, "मागच्या खेपेचा मासा केवढा होता!" तर म्हणायचा, "इन्स्पेक्शन झालं का? मग रिजेक्ट." शेवटी त्यानेच नियम काढला. परबचा मासा तो सांगेल त्याच्या पाऊण धरायचा. माझा निम्मा. "आणि तुझा?" परबने विचारलं. गित्ते म्हणाला, "मी धरतच नाही. म्हणून माझं माप बरोबर!"

एकदा त्याची आई गावाहून आली. म्हातारीला त्याने गुरुवारी बरोबर आणलं. धरणाच्या फुगवट्याच्या काठाला गाडी थांबली. म्हातारी उतरली, आणि या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरलेल्या पाण्याकडे बघत राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात लेकाला विचारलं, "एवढं सगळं रातीच्याला उघड्यावरच ठिवत्यात?"

परबने त्या दिवशी गळ टाकलाच नाही. म्हातारीशेजारी बसून राहिला.

*

दोन वर्षांपूर्वी आई गेली. अण्णांना मी गावाहून चिखलीच्या फ्लॅटवर आणलं, सातव्या मजल्यावर.

अण्णा तिथे राहिले, पण मनाने आले नाहीत. सोसायटीच्या मंदिरात भजन असायचं, गेले नाहीत. टाळ पिशवीतून निघालेच नाहीत. गावाकडे ते रोज सकाळी मुंग्यांना साखर घालायचे. इथेही गॅलरीत चिमूटभर साखर घातली. संध्याकाळी बघितली तर तशीच. मला म्हणाले, "सोपान, हितं मुंग्यासुदिक येत न्हाईत." आणि त्या दिवसापासून खोलीबाहेर येणंही बंद झालं. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही. त्यांना बाहेर काढा, नाहीतर असेच विझत जातील.

सुनंदाने सांगितलं, "गुरुवारी घेऊन जा."

"मासे धरायला? अण्णांना?"

"नदीवर. मासे तुम्ही धरा."

ते येतील असं वाटलं नव्हतं. पण ते नाही म्हणण्याच्याही पलीकडे गेले होते. गाडीत बसवलं, बसले.

काठावर प्लास्टिकची खुर्ची मांडली. अण्णा उठले, खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली, आणि पाण्याकडे पाठ करून बसले. समोर कांद्याचं रान. "तुमचं चालू द्या," म्हणाले. "मी पाप बघत न्हाई."

दिवसभर कांद्याकडे बघत बसले. पण घरी आल्यावर आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. सुनंदाने स्वयंपाकघरातून मला फक्त भुवई उडवून दाखवली.

मग दर गुरुवारी तेच. आम्ही पाण्याकडे तोंड करून, अण्णा कांद्याकडे. गित्ते मध्ये आडवा बसून दोन्हीकडे बोलायचा. अण्णा त्याला विचारायचे, "तुमच्याकडं औंदा पाऊस कसा?" तो म्हणायचा, "बातम्यात चांगला हाय बगा."

आणि मग ती खुर्ची हलायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून अण्णांनी ती जराशी तिरकी केली. पुढच्या वेळी वारा लागतो म्हणून आणखी. पुढच्या वेळी गित्तेचं नीट ऐकू येत नाही म्हणून. परब कोकणातला, त्याने लगेच हवामानखातं उघडलं. लांबून मला खुणावायचा, "आज अण्णा ईशान्येक सरकले हत!" मी दबक्या आवाजात, "गप्प बस. वळून बघू नको." आम्ही पाठमोरे, श्वास धरून. पाखरू जवळ आलं की बसतात तसे.

एक दिवस गळाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या लाल खुणेकडे माझं लक्ष नव्हतं. मागून आवाज आला, "ती लाल टिकली बुडाली."

मी वळलो. अण्णा कांद्याकडे बघत होते.

"अण्णा, तुम्ही बघत होता?"

"मी कशाला बघू? दिसली."

त्या रात्री ते जेवताना सुनंदाशी गावातल्या कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलले. भांडणच लावत होते म्हणा ना. पण बोलले!

*

आणि आता हे. मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट आहे, उन्हं नुकतीच कोरडी झाली होती.

परबची गाडी काळ्या मातीत रुतली, लांब, वरच्या वाटेवर. त्याचा फोन आला. माझा गळ पाण्यात होता. मी आणि गित्ते उठलो. सवयीने मी म्हणालो, "अण्णा, जरा लक्ष ठेवा."

"मी न्हाई लक्ष ठेवनार," अण्णा म्हणाले. खुर्ची तेव्हा जवळजवळ पाण्याकडे वळलेली.

गाडी निघता निघेना. दगड घातले, पोतं घातलं, परबने आधी मालवणीत शिव्या घातल्या आणि मग देवाला हाका मारल्या. शेवटी निघाली. चिखलाने माखून आम्ही तिघं खाली आलो.

खुर्ची पालथी पडली होती. अण्णांच्या वहाणा पाण्याच्या कडेला. अण्णा नाहीत.

 "अण्णा!" म्हणून मी ओरडलो, तो आवाज मला माझाच वाटला नाही. गित्ते बुटांसकट पाण्यात शिरला.

"वरडतोस कशाला?" बाभळीमागून आवाज आला.

अण्णा दगडावर बसले होते. टोपी तिरकी. धाप लागलेली. धोतर कमरेपर्यंत चिंब, सदऱ्याची एक बाही खांद्यापर्यंत. माझा गळ शेजारी बाभळीला नीट टेकवून ठेवलेला, दोरा व्यवस्थित गुंडाळलेला. गळाला मासा नाही, कणीक नाही.

"अण्णा, काय झालं? पडलात?"

"पाय धूत हुतो."

"कमरेपर्यंत?"

"चिखुल लई हाय हितं."

मी त्यांचा हात धरून उठवायला गेलो. मनगटावर नखाएवढा एक खवला चिकटला होता, उन्हात चमकत होता. परबला दिसला. त्याने तोंड उघडलं. गित्तेने त्याच्या पायावर पाय दिला, आणि परब आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला.

अण्णांना टॉवेलात गुंडाळून गाडीत बसवलं. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, रिक्षा. आम्ही तिळातिळाने पुढे सरकत होतो. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.  

मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आदी थोडा सैल सोडायला पायजे हुता. आन् मग डाव्या अंगानं वढायाचा."

मी ब्रेकवर पाय ठेवून त्यांच्याकडे वळलो.

"कुणाला, अण्णा?"

"म्होरं बघ," अण्णा म्हणाले. "कंटेनर हाय."